शुष्क काळातील बारा मिनिटे : ‘प्रे ॲज यू गो’ या प्रार्थनासेवेचे परीक्षण

‘प्रे ॲज यू गो’ ही ब्रिटनमधील येशूसंघाने (जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने) चालवलेली श्राव्य प्रार्थनासेवा २००६ च्या प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) सुरू झाली आणि आज ती संकेतस्थळावर व मोबाइल ॲपवर विनामूल्य मिळते. अशा सेवेचे गुण सांगताना आवाज प्रसन्न आहे, संगीत सुंदर आहे, ऐकल्यावर मन शांत होते, असे म्हटले जाते आणि ते खोटे नाही. हे परीक्षण मात्र ज्याचे मन शांतही होत नाही आणि अशांतही होत नाही अशा कॅथलिक श्रद्धावंतासाठी लिहिले आहे. त्याची रविवारची मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) चुकत नाही, घरात संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चालू असते, ख्रिस्तप्रसाद तो श्रद्धेने घेतो, परंतु प्रार्थनेला बसले की पूर्वी जिथे ओलावा होता तिथे काहीच जाणवत नाही आणि हे काही महिने, कधी काही वर्षेही, तसेच राहते. यालाच प्रार्थनेतील शुष्कता म्हणतात. अशा माणसाला ही सेवा कितपत उपयोगी पडते आणि कुठे अपुरी ठरते, एवढाच प्रश्न मी घेतला आहे. मी स्वतः अशा काळातच तिच्याकडे वळले आणि अजूनही ती वापरते आहे.

सेवेची रचना साधी आहे. सोमवार ते शुक्रवार रोज एक सत्र आणि शनिवार-रविवारसाठी मिळून एक सत्र असते. प्रत्येक सत्र साधारण दहा ते तेरा मिनिटांचे असते. सुरुवातीला घंटानाद होतो, मग एखादे भजन किंवा वाद्यसंगीत, त्यानंतर बहुधा त्या दिवशीच्या मिस्सेत येणारा बायबलचा उतारा, त्यावर दोन-तीन प्रश्न किंवा सूचना, मग तोच उतारा पुन्हा एकदा, प्रभूशी स्वतःच्या शब्दांत बोलण्याचे आमंत्रण आणि शेवटी त्रैक्याचे गौरवगान. प्रवचन नाही, उताऱ्याचे पांडित्यपूर्ण स्पष्टीकरण नाही. कामावर जाता-येता ऐकता यावे या हेतूनेच ती बेतलेली असल्यामुळे वसई रोडहून चर्चगेटकडे निघालेल्या गाडीतही ती चालते. सत्र आधी उतरवून ठेवले की वाटेत नेटवर्क गेले तरी अडत नाही. दैनंदिन सत्रांशिवाय दिवसाअखेरचे आत्मपरीक्षण, श्वास आणि शरीर यांच्याकडे लक्ष देण्याचे छोटे सराव, आणि आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळासाठीच्या श्राव्य साधना हेही तिथे आहे.

सेवा कशी आहे हे ठरवण्यापूर्वी शुष्कता कोणती, हे पाहणे भाग आहे, कारण सगळ्याच कोरडेपणावर एक उपाय चालत नाही. कार्मेल संघातील स्पॅनिश संत योहान (१५४२–१५९१) यांनी या बाबतीत तीन खुणा सांगितल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी उरलेली नसते, पण जगातील इतर गोष्टींतही ती लागत नाही. मन सतत देवाकडे ओढ घेते आणि आपण मागे पडत चाललो आहोत अशी हुरहूर लागून राहते. आणि पूर्वीसारखे चिंतन, कल्पना करून पाहणे, विचारांची साखळी जोडणे, हे प्रयत्न करूनही जमत नाही. या तीनही खुणा एकत्र दिसल्या तर ती शुष्कता शुद्धीकरणाचा भाग असू शकते. देवाची गोडी गेली पण बाकी सगळ्याची वाढली, तर तो निष्काळजीपणा समजावा. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही हाच भेद ठेवला आहे : शुष्कता ही निखळ श्रद्धेची वेळ असू शकते, आणि वचन खडकाळ जमिनीवर पडल्यामुळे मुळेच धरली नसतील तर ती पश्चात्तापाची हाकही असू शकते. कोणतेही ॲप हा निवाडा आपल्यासाठी करू शकत नाही, आणि ‘प्रे ॲज यू गो’ तसा आवही आणत नाही. ते मला आवडते.

आता सेवेच्या पहिल्या गुणाकडे येते. तिचा सर्वांत मोठा उपयोग संगीतात किंवा आवाजात नसून तिच्या ठरलेल्या लांबीत आहे. लोयोलाचे संत इग्नाती (१४९१–१५५६) यांच्या आध्यात्मिक साधनेच्या नियमावलीत एक अतिशय व्यवहारी सूचना आहे : सांत्वनाच्या काळात तासभर प्रार्थना करणे सोपे असते, पण मन उजाड झालेले असताना तो तास पुरा करणे कठीण जाते, म्हणून अशा वेळी तास तर पुरा करावाच, शिवाय थोडा वेळ अधिक थांबावे. प्रार्थना आखडती घेण्याची सवय शुष्कतेत फार लवकर लागते. पंधरा मिनिटांची दहा होतात, दहाची पाच होतात, आणि एक दिवस आपण क्रूसाची खूण करून उठतो. अविलाच्या संत तेरेजा (१५१५–१५८२) यांच्यासारख्या प्रार्थनेच्या आचार्यांनीही आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहिले आहे की काही वर्षे त्यांचे लक्ष प्रार्थनेपेक्षा तास केव्हा संपतो याकडेच अधिक असे. इथे ‘प्रे ॲज यू गो’ मदतीला येते. सत्र सुरू केले की ते शेवटच्या गौरवगानापर्यंत आपल्याला धरून ठेवते. आपल्याला काही सुचावे लागत नाही, काही वाटावे लागत नाही. कोणीतरी शुभवर्तमान वाचत असते आणि आपण तिथे असतो. ज्याला स्वतःहून दोन वाक्ये बोलवत नाहीत त्याच्यासाठी हे फार मोलाचे आहे, आणि या एका कारणासाठी मी ही सेवा कोणालाही सुचवीन.

उतारा दोनदा वाचण्याची पद्धतही याच दृष्टीने पाहावी. समजा, त्या दिवशी यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तिमयाची कथा आहे. प्रभू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? सत्रातील आवाज हाच प्रश्न ऐकणाऱ्याकडे वळवतो. भरल्या मनाच्या माणसाला याचे उत्तर चटकन सुचते. कोरड्या मनाच्या माणसाला ‘काहीच नको’ असे वाटते आणि मग त्या वाटण्याचीच भीती वाटते. दुसऱ्या वाचनात मात्र लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाऊ शकते : बार्तिमयाला गप्प बसवणारे लोक, त्याने टाकून दिलेला झगा, किंवा येशू थांबला एवढी एकच गोष्ट. तेरेजांनी प्रार्थनेला बागेची उपमा दिली आहे. विहिरीतून हाताने पाणी शेंदणे, रहाटाने काढणे, पाटाने येणे आणि पाऊस पडणे अशा पायऱ्या त्यांनी लावल्या. वसईच्या वाड्यांमध्ये बावखले (गोड्या पाण्याची तळी) आणि रहाट पाहत वाढलेल्या माणसाला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्यांचे सांगणे असे की विहीरच आटली तरी माळ्याने आपले काम करत राहावे. पाण्याशिवायही फुले जिवंत ठेवणे देवाला जमते. या सेवेतील दुसरे वाचन मला त्या शेंदण्यासारखे वाटते. पोहरा बहुतेक वेळा रिकामाच वर येतो, आणि तरी तो पुन्हा सोडायचा असतो.

संगीताबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही. निवड चांगली आहे, विविध आहे. प्राचीन ग्रेगोरियन गायनापासून फ्रान्समधील तेझे या प्रार्थनासमुदायाच्या भजनांपर्यंत आणि आजच्या गायकांपर्यंत पुष्कळ काही ऐकायला मिळते. अडचण गुणवत्तेची नाही. शुष्कतेतील माणूस भावनेला भुकेलेला असतो, आणि उत्तम संगीत ती भूक काही क्षण भागवते. मग संगीताने आलेले पाणी हेच प्रार्थनेचे फळ समजण्याचा मोह होतो. ज्या दिवशी गाणे आवडत नाही त्या दिवशी सत्रच बंद करावेसे वाटते. संत योहान यांनी ज्या आध्यात्मिक खादाडपणाविषयी सावध केले आहे तो याहून फार वेगळा नसावा : देवापेक्षा देवाकडून मिळणाऱ्या गोडव्याचा शोध. सेवेच्या निर्मात्यांना याचा दोष देता येणार नाही, कारण प्रवासात विखुरलेले मन गोळा करायला सूर लागतोच. पण दीर्घ शुष्कतेत असणाऱ्याने सुरुवातीचे संगीत सरकवून थेट वाचनापाशी जावे, असा माझा सल्ला आहे. त्याचप्रमाणे प्रश्न आणि पुढचे वाक्य यांच्यामध्ये ठेवलेली शांतता थोडी आहे. धावत्या दिवसासाठी ती पुरेशी असली तरी कोरड्या मनाला उत्तरापर्यंत पोहोचायला अधिक वेळ लागतो. तिथे सत्र थांबवून ठेवावे. थांबवण्याचे बटण या ॲपमधील सर्वांत उपयुक्त बटण आहे, असे मला गंभीरपणे वाटते.

संपूर्ण सेवेतील कोणता भाग शुष्क काळात सर्वाधिक टिकतो, असे विचाराल तर मी दिवसाअखेरच्या आत्मपरीक्षणाकडे बोट दाखवीन. इग्नाती यांच्या पद्धतीने त्याचे पाच टप्पे आहेत : देवाचे आभार, प्रकाशाची याचना, दिवस तासातासाने आठवणे, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय. येशूसंघीय परंपरेत याला इतके महत्त्व आहे की आजारपणामुळे इतर प्रार्थना सोडावी लागली तरी ही सोडू नये असे मानले जाते. याचे कारण मला वापरताना कळले. सकाळचे सत्र हृदयाला विचारते, आणि हृदय गप्प असते. रात्रीचे परीक्षण दिवसाला विचारते, आणि दिवसाकडे नेहमी काही ना काही असते. गाडीत एका अनोळखी बाईने आपली पिशवी मांडीवर घेतली. कार्यालयात कनिष्ठ सहकाऱ्याशी आपण आवश्यकतेपेक्षा कठोर बोललो. शेजारच्या आजींना डॉक्टरांकडे नेण्याचे कबूल करून आपण विसरलो. यांतल्या एकाही गोष्टीत देव जाणवला नसेल. तरी आभार कशाचे मानायचे आणि क्षमा कशाची मागायची हे स्पष्ट असते. देवाची जाणीव नाही म्हणून देवाशी बोलायला विषय नाही, ही शुष्कतेतील मोठी फसगत आहे, आणि ती या भागाने दूर होते. येथे निवेदकाचे बोलणे मोजके ठेवले आहे, त्याचाही फायदा होतो. ज्यांना पापनिवेदनाला गेल्यावर काय सांगावे हेच सुचत नाही, त्यांनी तर हे परीक्षण अवश्य करावे.

एक गोष्ट मात्र या सेवेला देता येत नाही, आणि ती गौण नाही. शुष्कतेत माणसाला माणूस लागतो. मदर तेरेसा यांचे उदाहरण आता सर्वांना ठाऊक आहे. कोलकात्यातील कार्याच्या आरंभापासून पुढे कित्येक दशके त्यांनी आतला अंधार सोसला, हे २००७ मध्ये त्यांची पत्रे प्रसिद्ध झाल्यावर जगाला कळले. त्या पत्रव्यवहारातील एक महत्त्वाचे नाव आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुण्याच्या येशूसंघीय महाविद्यालयात ईशज्ञान शिकवणारे फादर जोसेफ नॉयनर यांच्याकडे मदर तेरेसांनी १९६१ च्या सुमारास आपला अंधार उघड केला. फादर नॉयनर यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : यावर मानवी उपाय नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका, येशूची जाणीव हाच त्याच्या उपस्थितीचा एकमेव पुरावा नाही, त्याच्यासाठी लागलेली तहान हीसुद्धा खूण आहे, आणि हा अंधार तुमच्या सेवाकार्याचाच एक भाग आहे. अंधार गेला नाही. पण त्यानंतर त्या अंधारावर प्रेम करू लागल्याचे मदर तेरेसांनी कळवले. हे तीन मुद्दे कोणत्याही सत्रात ध्वनिमुद्रित करून ठेवता आले असते, तरी त्यांचा तोच परिणाम झाला नसता, कारण ते त्या व्यक्तीचे ऐकून घेऊन त्या व्यक्तीला सांगितले गेले होते. म्हणून ही सेवा वापरणाऱ्याने आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरू, एखादी धर्मभगिनी किंवा अनुभवी साधनामार्गदर्शक यांच्याशी महिन्यातून एकदा तरी बोलावे. आणि प्रार्थनेबरोबर झोप, भूक, कामातील लक्ष, घरातल्यांशी बोलण्याची इच्छा हेही गेले असेल तर डॉक्टरांकडे जावे. शुष्कतेत खिन्नतेचा आजारही मिसळलेला असू शकतो, हे चारशे वर्षांपूर्वी संत योहान यांनाही माहीत होते. आपण ते नाकारण्याचे काही कारण नाही.

किमतीविषयी थोडक्यात. सेवा विनामूल्य आहे, देणगी ऐच्छिक आहे, आणि प्रार्थनेच्या मध्ये जाहिरात येत नाही. बाजारात याहून झगमगीत आणि सशुल्क प्रार्थना-ॲप आहेत. त्यांतील काही सलग किती दिवस प्रार्थना केली याचा आकडा दाखवतात. ज्याला प्रार्थना गोड लागते आहे त्याला त्यातून उत्तेजन मिळत असेल. पण शुष्कतेत तो आकडा प्रार्थनेची जागा घेतो, आणि एक दिवस तुटला की अपराधभावाने माणूस सगळेच सोडतो. त्याहून गंभीर धोका एका ॲपवरून दुसऱ्यावर उड्या मारण्याचा आहे. मन उजाड असताना पूर्वी घेतलेले निर्णय बदलू नयेत, हा इग्नातींचा नियम प्रसिद्ध आहे, आणि तो या लहान गोष्टीलाही लागू होतो. करिष्मॅटिक प्रार्थनासभेत एकेकाळी मन भरून आले होते, ते आता भरत नाही. म्हणून मग रोज नवे यूट्यूब प्रवचन, नवी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), नवे ॲप. यातून थकवा येतो. ‘प्रे ॲज यू गो’ घ्यायचे तर किमान एक पूर्ण प्रायश्चित्तकाळ तेच घ्यावे, आणि रोझरी किंवा कुटुंबप्रार्थना बाजूला सारून तर मुळीच घेऊ नये.

शेवटी भाषेचा प्रश्न, जो मराठी वाचकासाठी किरकोळ नाही. सत्रे इंग्रजीत आहेत, वाचकांचे उच्चार ब्रिटिश बेटांवरचे आहेत आणि गतीही सर्वांना झेपेल अशी नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या तरुणांना अडचण येणार नाही. परंतु शुष्कता बहुधा पन्नाशी-साठीच्या, आयुष्यभर मराठीत प्रार्थना केलेल्या माणसांनाही गाठते, आणि ज्या भाषेत आईने क्रूसाची खूण करायला शिकवले त्या भाषेतच ती सोसावी लागते. पोर्तुगीज, फ्रेंच, डच आणि पोलिश भाषांत तिथल्या येशूसंघीयांनी याच धर्तीच्या सेवा उभ्या केल्या आहेत. या सेवेला मराठी आवृत्ती मात्र नाही. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या लोकांची भाषा आत्मसात करून ख्रिस्तचरित्र मराठी ओव्यांत रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. त्याच देशातील त्याच संघाच्या सेवेसमोर मराठी माणसाने कानाला फोन लावून इंग्रजी उच्चारांचा अर्थ जुळवत बसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत मिस्सा रुजली, मराठी बायबल घरोघर आहे, १९९८ मध्ये स्वतंत्र झालेल्या वसई धर्मप्रांतात उत्तम वाचक आणि गायनवृंद आहेत. दहा-बारा मिनिटांचे सत्र घडवायला याहून फार सामग्री लागत नाही. लागते ती रोज नेमाने काम करणारी चार-पाच माणसे आणि इग्नातींच्या साधनेत मुरलेला एखादा मार्गदर्शक.

तोपर्यंत मराठी वाचकाने ही सेवा पुढीलप्रमाणे वापरावी असे मी सुचवेन. आदल्या रात्रीच त्या दिवसाचा उतारा मराठी बायबलमधून मोठ्याने वाचून ठेवावा. सकाळी सत्र ऐकताना संगीत सरकवावे, पहिले वाचन इंग्रजीत ऐकावे, प्रश्न आला की थांबवून त्याचे उत्तर मराठीत द्यावे, उत्तर नसेल तर ‘प्रभू, मी येथे आहे’ एवढेच म्हणावे, आणि दुसऱ्या वाचनाऐवजी मराठी उतारा पुन्हा वाचावा. रात्रीच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे पाठ झाले की त्यासाठी फोनचीही गरज राहत नाही.